गोड न खाणारी झुरळं

शनिवार, ३ ऑगस्ट

पोचले एकदाची सोनपेठला! चुडाव्याहून सकाळच्या गाडीनं परभणी, तिथं गाडी बदलून गंगाखेड, आणि पुढं एसटीत उभ्यानं. पायाचे तुकडे पडले, पण मन असं खूश आहे की विचारूच नका. सत्ताविसाव्या वर्षी का होईना, निकिता किशनराव प्राणिशास्त्राच्या मॅडम झाल्या. नोकरी तासिकेवरची आहे, असू दे. दादांनी स्टेशनवर बजावलं, की पोरी, तुझं तोंड लय चालतं, तिथं जरा आवरून राहा. आईनं डबाभर पेढे दिले होते, मधोमध अंगठा दाबलेले, तिच्या पद्धतीचे. ते परभणीच्या पुढं काही आले नाहीत. मी आणि गोड समोरासमोर आलो की गोडाचं काही खरं नसतं.

खोली छान मिळाली. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत चन्नबसम्मा अम्मांची खानावळ आहे, तिच्याच माडीवर. खाली स्वयंपाकघर आणि जेवायची पडवी, वर मी. एक पलंग, एक लोखंडी कपाट, पूर्वेची खिडकी. अम्मा सत्तरीच्या. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी ऐकू यावा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण भाकरी थापतात ती चंद्रासारखी गोल. मला बघायचं म्हणून त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, मॅडम तर लेकराएवढ्याच हायत की! मुलगा विरेश लातूरला नोकरीला, त्याची चार वर्षांची लेक त्रिवेणी. फळीवर पोपटाचं चित्र असलेला एक पत्र्याचा डबा आहे, तो त्रिवेणीचा. ती यायची असली की अम्मा त्यात पेढे करून ठेवतात, आणि पोरगी आल्या आल्या चप्पल न काढता आधी त्या डब्याकडं पळते. स्वतः अम्मांना मात्र शुगर. गोड खाणार नाही असा त्यांनी विरेशला शब्द दिलाय. हे सांगताना त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

जेवणानंतर त्यांनी ताटात पाणी घातलं, ताटात कर्र कर्र बोट फिरवून ते धुतलं, आणि ते पाणी पिऊन टाकलं. मी बघतच राहिले. म्हणाल्या, लिंगाला दाखवून वाढलेलं अन्न म्हणजे प्रसाद, त्याचा कण वाया जाऊ द्यायचा न्हाई. भुईवर पडला तरी कुणाच्या पायाखाली यायच्या आत उचलून तोंडात टाकायचा. मी आगाऊपणानं म्हटलं, अम्मा, भुईवर जंतू असतात. त्यावर म्हणाल्या, सत्तर वर्सं झाली तुझे जंतू खायलेय मी, मेले का? भाकऱ्या लाटायला, सॉरी, थापायला येणाऱ्या सगुणाबाई पदर तोंडात धरून हसत होत्या.

सोमवार, ५ ऑगस्ट

पहिला तास झुरळाचा होता. प्रयोगशाळेचे सिद्धोधनकाका निवृत्तीला आलेत, बोलणं कमी आणि काम चोख. त्यांनी काचेच्या बरणीत चार मोठी झुरळं पकडून आणली होती. मुली किंचाळल्या, मुलं हसली, मग मी सुरू केलं. झुरळाच्या हृदयाला तेरा कप्पे असतात. रक्ताला रंग नसतो. मुंडकं तुटलं तरी ते आठवडाभर जगतं, मरतं ते तहानेनं. चाळीस मिनिटं श्वास रोखून बसू शकतं. मुळात ते तोंडानं श्वासच घेत नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात, त्यातून हवा आत जाते. तोंड फक्त खाण्यासाठी. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, मॅडम, म्हणजे त्याला ओरडता येत न्हाई? मी म्हटलं, नाही रे राजा, ओरडायला तोंडात श्वास लागतो. तास अगदी रंगला.

अजून एक सांगितलं ते पोरांना फार आवडलं. आपण झुरळाला शिवलो तर ते आधी पळतं आणि मग आडोशाला बसून मिशा तोंडातून ओढून ओढून स्वच्छ करतं. आपल्याला त्याची किळस येते, तशी त्यालाही आपली येत असावी.

संध्याकाळी अम्मांच्या स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, दिवा लावला, आणि अगं बया! शेगडीमागची भिंत हलली. बारीक, तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा असलेली, शेकड्यांनी. या जातीची मादी अंड्यांची पिशवी शेवटपर्यंत मागं लावूनच हिंडते, एका पिशवीत तीस-चाळीस पिल्लं. मी हिशोब केला आणि पाणी न पिताच वर आले.

गुरुवार, ८ ऑगस्ट

आज वाईट झालं. एसटीचे कंडक्टर भागवतभाऊ सहा वर्षांपासून इथं जेवतात. त्यांच्या वरणात पाय निघाला. झुरळाचा, काटेरी. ते ओरडले नाहीत, ताट सरकवून उठले. त्यांच्यामागं बँकेतले दोघंही उठले. अम्मा दिसत नसल्यामुळं विचारत राहिल्या, काय झालं, मीठ जास्त पडलं का? शेवटी सगुणाबाईंनी सांगितलं. मग अम्मा पायरीवर बसल्या त्या बसूनच राहिल्या. म्हणाल्या, माझ्या हातचा प्रसाद टाकून माणूस उठला, असं कधी घडलं न्हाई.

मी म्हटलं, अम्मा, औषध मारू, मी आणते. तर त्या एकदम कडाडल्या. श्रावण हाय, सोमवारी जंगमस्वामी जेवायला येतेत. ज्या घरात लिंगाला निवद दाखवते त्या घरात ईख ठेवायचं न्हाई. शपथ हाय तुला. विषाला त्या ईखच म्हणतात. मी बरं म्हटलं.

बरं म्हटलं आणि वर येऊन ठरवलं, की म्हातारीला कळायची गरज नाही. मी प्राणिशास्त्राची पदवी काय भिंतीला टांगायला घेतली? मेडिकलमधून बोरिक पावडर आणली. कॅरमवर टाकतात तीच, माणसाला जवळजवळ मिठाएवढीच बाधणारी. त्यात मैदा, दूधपावडर, पिठीसाखर आणि थोडं तूप. यात मेख अशी, की खाल्लेलं झुरळ बिळात जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मढं दुसरी खातात, तीही मरतात. एकात दहा. सात गोळ्या झाल्या. वळता वळता सवयीनं प्रत्येकीवर अंगठा दाबला, आईच्या पेढ्यासारखा, आणि स्वतःशीच हसले. जेवणं आटोपल्यावर शेगडीमागं, मोरीजवळ, पिठाच्या डब्याच्या आडोशाला आणि देव्हाऱ्याखाली ठेवून दिल्या.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

नागपंचमी. अम्मांनी तवा चढवला नाही, काही चिरलं नाही, सगळं उकडलेलं. आज कुणाचा जीव दुखवायचा नाही म्हणे.

आणि सातच्या सात गोळ्या गायब! एक कण नाही. काय खादाड जात आहे. आज पुन्हा सात.

रविवार, ११ ऑगस्ट

तिसरा दिवस. रोज सात ठेवते, सकाळी सात गायब. काल कॉलेजात सिद्धोधनकाकांना फुशारकीनं सांगितलं. ते बरणी पुसत होते, ते थांबले. म्हणाले, मॅडम, झुरळ कुरतडतं. आख्खी गोळी उचलून न्यायला ते काय उंदीर हाय? मी म्हटलं, काका, संख्या बघा ना किती आहे. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा बरणी पुसायला लागले.

रोज वळत बसायचा कंटाळा आला म्हणून एकदम तीस करून ठेवल्या. बरणी सापडेना, तेव्हा फळीवरचा पोपटाचा डबा रिकामाच होता, तो घेतला. धुवून ठेवीन नंतर.

सोमवार, १२ ऑगस्ट

अम्मांना दोनदा उलटी झाली. उपवासाचं पित्त म्हणतात. तळहात लालबुंद झालेत, मेंदी काढल्यासारखे. मी चेष्टा केली, की अम्मा, श्रावणात नटायला लागलात! त्या हसल्या. म्हणाल्या, या वर्सी श्रावण लय गोड चाललाय बाई माझा. मला वाटलं, भक्तीचं बोलतायत.

स्वामींचं जेवण मात्र त्यांनी सगळं स्वतः केलं.

बुधवार, १४ ऑगस्ट

लिहवत नाही. तरी लिहिते.

झेंडावंदनाची तालीम होती म्हणून उजाडायला खाली उतरले. स्वयंपाकघरात अम्मा गुडघ्यावर बसून हातानं भुई चाचपत होत्या. दिसत नाही म्हणून रोज आधी हातानं कोपरे चाचपतात आणि मग झाडू फिरवतात, हे मला माहीत नव्हतं. देव्हाऱ्याखाली हात गेला, गोळी सापडली. त्यांनी ती फुंकली, कपाळाला लावली, आणि तोंडात टाकली. डोळे मिटून चघळली.

मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होते.

माझी चाहूल लागली तशा त्या चोरी पकडल्यासारख्या लाजल्या. म्हणाल्या, पोरी, मला कळलंय बरं का. मी गोडासाठी झुरते ते तुला कळलं म्हणून रोज लपवून ठेवायलीस. तुझ्या अंगठ्याचा ठसा हाताला लागतो की. पण प्रसाद भुईवर ठेवू न्हाई बाई, हातात द्यावा. मी एकटीनं खाल्ले सगळे, त्रिवेणीला एकबी ठेवला न्हाई. आणि विरेशला सांगू नको, तुला माझ्या गळ्यातल्या लिंगाची शपथ.

झुरळ आख्खी गोळी उचलत नाही. मी हे वर्गात शिकवते. मी हे वर्गात शिकवते आणि काकांनी सांगूनही मला ऐकायचं नव्हतं.

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. माझं हे लय चालणारं तोंड. मी म्हटलं, अम्मा, चहा ठेवू?

दुपारी मी डबा घेऊन मोरीत रिकामा करायला निघाले. डब्यात नऊ उरल्या होत्या. तेवढ्यात सगुणाबाई ओरडत आल्या, अम्मा न्हाणीत पडल्यात. मी डबा तांदळाच्या कोठीमागं ढकलला आणि पळाले.

गुरुवार, १५ ऑगस्ट

दवाखाना. अंगभर लाल, कातडी सोलतेय. लघवी बंद झालीय. डॉक्टरांनी अम्मांना विचारलं, वेगळं काही खाल्लं का? अम्मा माझ्या दिशेला बघून बारीक हसल्या आणि नाही म्हणाल्या. त्यांना गोडाची चोरी झाकायची होती. मग डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून तेच विचारलं. म्हणाले, नीट आठवून सांगा मॅडम, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. मी म्हटलं, श्रावणाचे उपवास होते.

शपथ घातलीय ना अम्मांनी, असं मनात म्हटलं. निर्लज्ज! एक शपथ त्यांनी ८ तारखेलाही घातली होती, ती कुठं पाळली?

विरेशभाऊ लातूरहून आले. माझ्या पाया पडायला वाकले, की मॅडम, तुम्ही होता म्हणून वेळेवर आणलं. मी पाय मागं घेतले.

उद्या सकाळी डॉक्टर फेरीला आले की सांगते. नक्की सांगते.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

डॉक्टर फेरीला यायच्या आधीच अम्मा गेल्या.

शेवटचं बोलल्या ते सगुणाबाईंशी. मॅडम उपाशी असंल, तिला जेवायला घाल म्हणाल्या.

शनिवार, १७ ऑगस्ट

त्यांच्यात दहन करत नाहीत. अम्मांना बसवून नेलं, फुलांनी सजवून, विभूती लावून. खड्ड्यातही बसवलं, हातात लिंग ठेवून. जेवायला बसल्यासारख्या दिसत होत्या. मी मूठभर माती टाकली. माझ्या हाताला तुपाचा वास येत होता. आठवडा झाला, चार साबण झाले.

विरेशभाऊंनी स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी येऊन सगळ्यांना जेवू घालू, तेव्हाच उघडू म्हणाले. मी पायरीवर उभी होते. डबा आत आहे. भाऊ, थांबा, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द.

मंगळवार, २० ऑगस्ट

आईनं कुणाकडून तरी पेढे पाठवले. एक तोंडात घातला आणि थुंकला. कडू. कडुनिंबाचा पाला चावावा तसा. सगुणाबाईंना दिला, त्यांनी दोन खाल्ले, म्हणाल्या, लय ग्वाड हाय की. मग साखर खाऊन पाहिली. तीही कडू. केळं कडू.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मी तर खाल्लंही नव्हतं.

गुरुवार, २२ ऑगस्ट

वर्गात तोच मागच्या बाकावरचा मुलगा. मॅडम, सगळी झुरळं विषाची गोळी खातात का? मी उत्तर दिलं, पाठ असल्यासारखं. नाही. गोड गोळ्यांनी वर्षानुवर्षं मारत गेलं की काही वाचतात. ज्यांच्या जिभेला गोड कडू लागतं ती. ती गोळीला शिवत नाहीत. त्यांची पिल्लंही तशीच निघतात. शेवटी उरतात ती फक्त गोड न खाणारी.

बोलता बोलता माझी जीभ टाळ्याला चिकटली. सिद्धोधनकाकांनी पाणी आणून दिलं आणि विचारलं, मॅडम, त्या गोळ्या अम्माच्याच घरात ठेवल्या होत्या ना? मी नाही म्हटलं. त्यांनी पेला परत घेतला आणि बराच वेळ धूत राहिले.

घरी येऊन खोलीच्या दाराशी चिमूटभर साखर टाकली. संध्याकाळी झुरळं आली. कुलूपबंद दाराखालून, जिन्यावरून, रांगेनं. साखरेला वळसा घालून पुढं गेली, माझ्याकडं.

शनिवार, २४ ऑगस्ट

उजाडताना खालून आवाज. ताटात पाणी, आणि बोट फिरवल्याची कर्र कर्र. कुलूप जागेवर. मी दाराला कान लावला. आवाज थांबला. मग कुणीतरी घोट घेतला, लांब, समाधानानं.

पायावरून एक गेलं. थोडं पळून थांबलं आणि मिशा तोंडातून ओढून ओढून पुसत बसलं. मला शिवलं म्हणून.

सोमवार, २६ ऑगस्ट

विरेशभाऊंचा फोन. २ तारखेला सकाळी बायको-लेकीला घेऊन येतो, स्वामी येतील, भागवतभाऊंनाही निरोप दिलाय. मग म्हणाले, त्रिवेणी सारखी विचारायलीय, आजीनं डबा भरून ठेवलाय का.

मी सांगणार होते. भाऊ, त्या डब्यात— तोंड उघडलं होतं. श्वासही घेतला. तिकडून ते हॅलो हॅलो करत राहिले.

मी म्हटलं, हो, या.

चार वर्षांच्या लेकराला तीन गोळ्या पुरतात. डब्यात नऊ आहेत.

गुरुवार, २९ ऑगस्ट

कॉलेजला गेले नाही. पूर्वेच्या खिडकीला चादर लावली. उजेड अंगावर आला की पळावंसं वाटतं. पलंगावर झोप नाही. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट आहे, तिथं आडवी शिरून बसले तर जरा बरं. दोन्हीकडून काहीतरी टेकलेलं असलं की—

त्यांनाही असंच आवडतं. पाठीला आणि पोटाला काहीतरी लागलेलं.

शनिवार, ३१ ऑगस्ट

सिद्धोधनकाका बघायला आले. मी दाराच्या फटीतून विचारलं, काका, कुलूप तोडता येईल का? म्हणाले, येईल की, पण आत काय हाय ते सांगा. सांगा मॅडम, मी काय तुम्हाला फाशी देणार न्हाई. लय वेळ उभे होते बिचारे.

काही नाही म्हटलं. ते गेले.

आज सांगता आलं असतं. आजही.

रविवार, १ सप्टेंबर

ठरलं. उद्या पाचलाच बसस्टँडवर जाऊन उभी राहते. गाडीतून उतरता उतरता सांगायचं. बोलता नाही आलं तर ही वही त्यांच्या हातात द्यायची. उघडून. ८ ऑगस्टचं पान.

पोलीस येऊ देत. नोकरी जाऊ दे. दादा काय म्हणतील ते म्हणू देत. लेकरू वाचलं पाहिजे.

अम्मा, एवढं होऊ द्या माझ्या हातून.

सोमवार, २ सप्टेंबर

डोळा लागला. कपाटाच्या फटीत. जाग आली तर चादरीबाहेर ऊन.

खाली माणसं आहेत. कुलूप निघालंय. भांडी वाजतायत. सगुणाबाईंचं रडणं, भागवतभाऊंचा आवाज, वहिनी ताटं मांडायल्यात.

पायांचा आवाज. लहान, पळतोय. चप्पल न काढता.

उठते. वही घेऊन जाते.

पत्र्याचं झाकण. मला ओळखू येतं ते. सगुणाबाई म्हणायल्यात, अगं बाई, कोठीमागं होता, अम्मानं लेकरासाठी ठेवलाच की गं! विरेशभाऊ रडतायत. म्हणतायत, खा बाळा, आजीच्या हातचे शेवटचे—

उठता येईना. ती आहेत माझ्या दोन्ही बाजूंना. पाठीला, पोटाला. दाटीनं. ऊब आहे.

जिना. वर येतेय.

दार वाजवलं. म्हणाली, मावशी, आजीनं पेढे ठेवलेत, एक तुला. मी श्वास रोखला. कशाला रोखला? दोन पावलांवर होती ती. हात लांब केला असता तर डबा—

उंबऱ्यावर ठेवून गेली. फटीतून दिसतोय. वर अंगठा. माझा.

झुरळं त्याला वळसा घालून जातायत.

ओरड. निकिता, ओरड.

तोंड उघडलंय. श्वास चाललाय, पण तोंडातून नाही. कुशीतून. बरगड्यांपाशी बारीक बारीक—

हात तेवढा चालतोय. लिहायला.

खाली पाणी ओतलं. छोटं ताट आहे. बोट फिरतंय, कर्र कर्र. वहिनी म्हणायल्यात, शाब्बास, आजीसारखं, सगळं पिऊन टाक आता.

भाऊ, मी, त्या डब्यात मी

त्रिवेणी, बाळा, थांब, ते पेढे नाहीत, ते